बारा तास सलग

बाळाराम भावजींबद्दल गावात कुणालाही विचारा, सज्जन माणूस म्हणतील. मला विचाराल तर मी आधी तांब्याभर पाणी पिऊन घेईन, मगच तोंड उघडेन. माझ्या थोरल्या बहिणीचे, गोजाबाईचे, हे यजमान. मी वंदना. वाशिंदला एका खाजगी दवाखान्यात आया आहे. नवरा गेल्यापासून बहिणीच्या भिंतीला भिंत लावून राहिले. तिला मी बाय म्हणायचे. एकोणीस वर्षं त्यांचा संसार मी मधल्या कुडातून ऐकला, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे असं मी धरून चालते.

भावजी वाशिंदला रबराच्या फॅक्टरीत होते. मोठमोठ्या मशीनना लागतात ते काळे कडक रोल तिथं व्हायचे. कच्चा रोल भट्टीत घालायचा, झाकण आवळायचं आणि बारा तास शिजवायचा. एका भट्टीत जेवढे रोल जातील ती एक बॅच. भावजी भट्टीवाले. दर अर्ध्या तासाला काटा बघायचा आणि वहीत लिहायचं, एवढंच काम, पण त्यात अशी एक अट होती की बारा तास सलग झाले पाहिजेत. मधे लाइट गेली, भट्टी थंड पडली, की झालेले तास धरायचे नाहीत. अकरा तास झालेले असू देत, नाहीतर साडेअकरा. पुन्हा शून्यापासून.

सतीशच्या जन्माची गोष्ट आमच्यात सगळ्यांना पाठ आहे. बायला कळा सुरू झाल्या, फॅक्टरीत निरोप गेला, तर भावजींनी उलटा निरोप पाठवला, बॅच लागलीय, सकाळी येतो. आले ते पोर आठ तासांचं झाल्यावर. आमच्या आईनं त्यांना उंबऱ्यातच धुतलं. हे खाली मान घालून उभे. वर म्हणतात कसे, मामी, तुमचं बरोबर आहे, पण रोल कच्चा राहिला असता.

आधी मला वाटायचं, हा माणूस मेंगळट आहे, साहेबाला भितो. मग एक्याण्णव साली गणूचं झालं. गणू मुरबाडकडच्या म्हसा गावचा, भावजींच्याच पाळीला होता. त्या दिवशी भावजींना ताप होता म्हणून भट्टीवर दुसराच कुणी होता. ऑर्डरची घाई होती, सुपरवायझरनं बॅच नवव्या तासाला काढायला लावली. वरून रोल काळा, गुळगुळीत, कुणाला शंका येणार नाही असा. मशीनवर चढवला, फिरायला लागला आणि फुटला. गणूचा उजवा हात मनगटापासून गेला. भावजी तापातून उठून त्याला बघायला कल्याणच्या इस्पितळात गेले आणि घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत. मी असतो तर काढू दिली नसती, एवढंच म्हणत राहिले. त्या दिवसापासून मी त्यांची टिंगल बंद केली.

शहाण्णव साली फॅक्टरीला टाळं लागलं. भट्टी भंगारात गेली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. घरात भात लागला की झाकण उघडायची कुणाची टाप नव्हती. एकदा मी दवाखान्यातून त्यांना पाच दिवसांच्या गोळ्या आणून दिल्या. तिसऱ्या दिवशी एक घ्यायची राहिली. ह्यांनी काय करावं? पुन्हा पाच दिवसांच्या आणायला लावल्या आणि पहिल्यापासून सुरू केल्या. मी डोक्याला हात लावला. बाय मात्र हसायची. तिला नवऱ्याचं हे सगळं आवडायचं. आपला माणूस अर्ध्यावर सोडत नाही, असं ती अभिमानानं सांगायची.

सतीश शिकला, एसीचं काम शिकला आणि मस्कतला गेला. बायको दीप्तीलाही नेलं. तिथंच त्यांना मुलगा झाला, सम्यक. तो तीन वर्षांचा झाला तरी बायनं त्याला पाहिलेलं नव्हतं. दोनदा येणं ठरलं, दोनदा रद्द झालं. एकच फोटो आला होता, तोही पोराचे डोळे मिटलेले. बाय तो बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवायची आणि जो भेटेल त्याला विचारायची, डोळे कुणावर गेले असतील गो?

दोन हजार सातच्या दिवाळीनंतर बायच्या पोटातल्या दुखण्याचं नाव कळलं. कॅन्सर, पिशवीचा, पसरलेला. मुंबईच्या मोठ्या इस्पितळातून तिला घरी पाठवलं. घरी न्या ह्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता, पंधरा वर्षं मी तेच बघतेय. सतीशनं रजा मागितली. कंपनी नवी, पासपोर्ट त्यांच्या ताब्यात, मार्चशिवाय सोडत नाही म्हणाले. मार्च म्हणजे घोड्याला शिंगं फुटायची वाट बघणं.

मग त्या पोरानं डोकं चालवलं. त्याच्या शेजारच्या खोलीत वाशिंदचा मुकेश राहायचा, तो जानेवारीत गावी यायचा होता. सतीशनं नवा लॅपटॉप घेतला आणि मुकेशबरोबर पाठवला. सोबत बोटाएवढी एक कांडी, पेनड्राइव्ह म्हणतात तो. त्यात सम्यकचा सिनेमा भरलेला. सम्यक चालतो, बोलतो, आजीला हाक मारतो. वाशिंदला कॅफेत कांडी लावता आली असती, पण बाय खाटेवरून उठत नव्हती. म्हणून यंत्रच तिच्यापाशी यावं, असा त्याचा हिशेब. हिशेब चांगला होता. मुकेशला खोका नुसता नेऊन द्यायचा होता.

मुकेश एका सोमवारी आला. खोका सीलबंद होता, मस्कतच्या दुकानातून जसा आला तसा. त्यानं तो उघडून दिला, वायर कुठं लावायची ते दाखवलं, कांडीची जागा दाखवली. आत एक कागद होता, इंग्रजीत. मुकेश म्हणाला, चालू करायच्या आधी बारा तास चार्जिंगला ठेवा, दुकानदारानं बजावलंय, नाय तर बॅटरी कायमची जाते. त्याची सासुरवाडी रत्नागिरीकडे, संध्याकाळची गाडी होती. चहा अर्धा टाकून तो निघाला. लाइट तेव्हा नव्हतीच, नाहीतर त्यानं तिथंच लावून दाखवलं असतं.

भावजींनी बारा तास हे शब्द ऐकले. मी त्यांचं तोंड बघत होते. कितीतरी वर्षांनी त्यांना कुणीतरी त्यांच्या कामाचं बोललं होतं. त्यांनी मुकेशला एवढंच विचारलं, सलग ना? मुकेश चपला घालत हो हो म्हणाला. त्यानं नीट ऐकलं तरी होतं की नाही कोण जाणे.

आता आमच्याकडच्या लाइटचं सांगते. पहाटे साडेपाचला जायची ती दहाला यायची. दुपारी चारला जायची ती साडेसहाला यायची. साडेसहा ते पहाटे साडेपाच, हा सगळ्यात मोठा तुकडा. मोजा. अकरा तास. भावजींनी पहिल्याच रात्री मोजले होते. तरी म्हणाले, एखाद्या दिवशी पहाटे सोडतात उशिरा, बघू. फळीवर लॅपटॉप ठेवला, वायर लावली, शेजारी गजराचं घड्याळ आणि एक वही. अर्ध्या अर्ध्या तासानं उठून लिहायचे. वायर लावली की बाजूला एक तांबडा दिवा लागायचा. तीन तासांनी तो हिरवा झाला. मी दुसऱ्या दिवशी म्हटलं, भावजी, हिरवा झाला म्हणजे भरलं असेल की. तर म्हणाले, "भट्टीचा काटा पण तीन तासांत चढतो. काटा चढला म्हणजे रोल शिजला असं नाय होत, वंदना."

मी आपली चौथी शिकलेली. दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारलं, तर तोही म्हणाला, नव्या मोबाइलला पण आठ तास लावतात, ह्याला बारा असतील. सलग की कसे, हे त्याला विचारायचं मला सुचलं नाही. ते मला आजही रात्रंदिवस खातं.

पहिल्या रात्री पहाटे साडेपाचला लाइट गेली. अकरा तास. शून्य. दुसऱ्या रात्री मधेच एक फेज गेली, सात तास. शून्य. तिसऱ्या रात्री पुन्हा अकराला पाच मिनिटं कमी. वहीत एकेक रात्र लिहायची आणि खाली आडवी रेघ मारायची, जशी फॅक्टरीत बाद बॅचला मारत असत. बाय पडल्या पडल्या विचारायची, किती झाले? भावजी खरं सांगायचे. ती म्हणायची, मग उद्या होईल. तिला त्या दिवसांत पाणीसुद्धा चमच्यानं द्यावं लागत होतं, तरी सकाळी डोळे उघडले की नजर आधी फळीकडे.

शुक्रवारी सतीशचा फोन आला. त्याला सुट्टी शुक्रवारी. त्यानं विचारलं, आईनं बघितलं का? भावजी म्हणाले, लाइट नाय रे, चार्जिंग होत नाय. त्याला वाटलं गावात आठवडाभर लाइटच नाही. तो तिकडून वीज बोर्डाला शिव्या घालत बसला. बापाला तो ओळखत होता, पण बाप काय मोजतोय हे त्याच्या ध्यानात आलं नाही. आणि बापाला वाटलं, ह्यात सांगण्यासारखं काय आहे, सलग म्हणजे सलग, पोराला माहीतच असणार. दोघंही एकमेकांना शहाणे समजून फोन ठेवून मोकळे झाले.

रविवारी माझा तोल सुटला. बायच्या पायावर सूज चढली होती आणि लघवी कमी झाली होती. मला ती लक्षणं कळतात. मी भावजींना ओट्यावर बोलावलं आणि म्हटलं, होऊ दे बॅटरी खराब. एकदा चालू करा, तिला पोर दाखवा, मग जळू दे मेलं ते यंत्र. त्यांनी ओट्यावरून आत फळीकडे बघितलं. मग म्हणाले, अर्ध्यावर चालू केलं आणि पोराचं तोंड दिसायच्या आत बंद पडलं तर? मग तिला काय सांगू? गणूचं उदाहरण दिलं. मी भांडले, आवाज चढवला, तर आतून बायनंच हाक मारली. जवळ गेले तर म्हणाली, "त्यांच्या मनासारखं होऊ दे गो. कच्चं काढायला लावू नको त्यांना."

मी भांडण सोडून तिला चमच्यानं पाणी दिलं. आणि खरं सांगू, मलाही भीती वाटली. यंत्र माझ्या हातून बिघडलं आणि ती पोराला न बघता गेली, तर तो शाप माझ्या डोक्यावर. त्यापेक्षा थांबलेलं बरं. शहाणपणाच्या नावाखाली आम्ही तिघं आठ दिवस त्या बंद झाकणाकडे बघत बसलो होतो.

सोमवारी भावजींच्या डोक्यात म्हसा आलं. पौष पौर्णिमेची म्हशाची जत्रा. बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकानं, लाखभर माणूस. आम्ही काही त्या देवाला जात नाही, पण बाजाराला सगळे जातात. तिथं जत्रेच्या दिवसांत लाइट काढत नाहीत, असं भावजींनी ऐकलं होतं. आणि गणू तिथंच होता. हात गेल्यावर त्यानं घोंगड्यांचा धंदा धरला होता, जत्रेत त्याचा मोठा तंबू लागायचा. भावजींनी त्याला फोन केला. तो म्हणाला, दिवसभर लाइट असते, दोन दिवस सलग लावून ठेव.

मी म्हटलं, गणूच्या हाती देऊन या, तुम्ही कशाला बसता? पण दुसऱ्याच्या हातात बॅच सोडून एकदाच तापानं घरी पडले होते हे, त्याचं काय झालं ते सांगितलंच. बायला विचारलं. ती म्हणाली, "जा तुमी. मी थांबते." अगदी साधं, जसं कुणी बाजारला जाणाऱ्याला सांगावं. भावजींनी लॅपटॉप तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला, पिशवीत घातला आणि शहापूरवरून मुरबाडची एसटी धरली. मुरबाडला म्हशाची गाडी. संध्याकाळी पोचले.

रात्री तंबूचं वायरिंग चालू होतं, म्हणून मंगळवारी सकाळी सहाला त्यांनी वायर लावली. पुढचं मला गणूनं सांगितलं. तंबूत घोंगड्यांच्या ढिगामागं बोर्ड होता, त्याच्यापाशी हे मांडी घालून बसले. तंबूत गिऱ्हाइकांची झुंबड, बाहेर भोंगे, पाळणे, बैलांची धूळ. हे हलले नाहीत. गणूनं भाकरी आणून दिली ती तिथंच खाल्ली. कुणा गिऱ्हाइकाचा पाय वायरीत अडकू नये म्हणून वायरीवर स्वतःचा पंचा अंथरला होता. दुपारी एकला गणूला म्हणाले, सात झाले, लाइट डुगडुगली पण नाय. गणू म्हणतो, इतका खूश माणूस मी फॅक्टरी बंद झाल्यापासून बघितला नव्हता.

इकडं बायला दुपारी दोनला घरघर लागली. मी दवाखान्यात रजा टाकून तिच्यापाशीच होते. हातपाय गार पडत चालले. शुद्ध होती, पण तुटक. मी तिच्या कानाशी म्हटलं, भावजी येतायत, आणतायत. तिनं डोळ्यांनी हो केलं. तीन वाजता मी फोन लावला. म्हटलं, बाय निघाली, असाल तसे या.

तिकडून आधी नुसते भोंगे ऐकू आले. मग म्हणाले, "नऊ तास झाले गो. तीन राहिले. ती थांबेल का तीन तास?"

मी दवाखान्यात मरणं बघितलेली बाई. मला माहीत होतं ती थांबणार नाही. मी काय नाही ते बोलले. बायकोपेक्षा बॅटरी मोठी का म्हटलं, पोराच्या जन्माला नाही आलात, आता हिच्या मरणाला तरी या म्हटलं. ते ऐकायला नको होतं त्यांनी, आणि बोलायला नको होतं मी. फोन तसाच बंद झाला.

गणू सांगतो, फोन ठेवल्यावर ते वायरीला हात लावून पाच-दहा मिनिटं बसून राहिले. मग वायर उपसली. गणूनं ओळखीच्या एका जीपवाल्याला गाठून त्यांना बसवून दिलं.

साडेपाचला ते दारात आले. बाय होती. श्वास लांब लांब पडत होता, पण डोळे उघडे. भावजी खाटेजवळ बसले, पिशवी मांडीवर. बायनं त्यांच्याकडे बघितलं आणि ओठ हलवले. झालं का, असं विचारलं असणार, दुसरं काय विचारणार ती? हा माणूस जन्मात खोटं बोललेला नाही. म्हणाले, नऊ झाले. आणि पिशवीची गाठ न सोडता तसेच बसून राहिले.

मग मी पिशवी ओढून घेतली. लुगडं सोडलं, झाकण उघडलं आणि दिसेल ते एकच मोठं बटण दाबलं. खोलीत लाइट नव्हती, चार ते साडेसहाची वेळ. यंत्र घरघरलं, उजेड पडला. मला वाटलं, जिंकलो. कांडी मी मुकेशनं दाखवलेल्या जागी खोचली. लॅपटॉप उचलून बायच्या तोंडासमोर धरला. निळाहिरवा उजेड तिच्या तोंडावर आला.

पोर आलं नाही. आली ती एक इंग्रजी पाटी. खाली नावांची लांबलचक यादी आणि कोपऱ्यात एक चौकोन. मी बटणं दाबली. भावजींनी दाबली. यादी खालीवर झाली, एकदा गेली, तशीच दुसरी पाटी आली, तिच्यात एक रिकामी ओळ, तिच्यावर एक उभी रेघ लुकलुकायची. त्याला काय हवं होतं ते आम्हाला कुणाला वाचता येईना. शाळेचा मास्तर शहापूरला निघून गेलेला. शिकलेली पोरं सगळी म्हशाला. मी बाहेर धावले, आळीतल्या तीन घरांत विचारलं, एका घरात म्हातारी आणि दोन घरांत कुलूप.

परत आले तर बाय बघतच होती. म्हणाली, "उजेड दिसतो गो. पोर कुठाय?"

मी म्हटलं, येतंय, येतंय. भावजी बटणं दाबत होते, एकेक, क्रमानं, पहिल्या रांगेतून शेवटच्या रांगेपर्यंत आणि पुन्हा पहिल्यापासून. ती उजेडाकडे बघत राहिली. किती वेळ, ते मी मोजलं नाही. मग मला कळलं की ती बघत नाही. मी तिचे डोळे मिटवले. भावजी तरी दाबतच होते. मी त्यांच्या हातावर हात ठेवला तेव्हा थांबले आणि म्हणाले, "कच्चा राहिला."

तिला दुसऱ्या दिवशी सकाळी नेलं. त्रिशरण-पंचशील झालं. सतीश फोनवर रडत होता. आईनं बघितलं का, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही, आणि आम्ही सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी पुण्यानुमोदनाला मुकेश आला. माणसं मांडवात बसली होती, भावजी त्यांच्यात. मुकेशनं मला आत विचारलं, मावशी, सिनेमा कसा निघाला होता? मी लॅपटॉप त्याच्यापुढं ठेवला आणि झालं ते सांगितलं. त्यानं बटण दाबलं, तीच पाटी आली. त्यानं भाषा निवडली, देश निवडला, रिकाम्या ओळीत गोजाबाई असं इंग्रजीत लिहिलं. नव्या यंत्राला पहिल्यांदा एवढं विचारायचं असतं, म्हणाला. दहा-पंधरा मिनिटांत पाटी गेली. कांडी लावली आणि सम्यक आला. प्लास्टिकच्या खुर्चीवर उभा, अंगात लाल बनियन. आज्जी, जय भीम, म्हणाला. मग बूट काढून दाखवला आणि म्हणाला, आज्जी, हे बघ, दिवा लागतो. डोळे थेट बायचे. मी पदर तोंडात कोंबला.

मुकेशचा चेहरा पडला होता. हळूच म्हणाला, मावशी, हा पहिल्या दिवशीच चालला असता. अर्धा तास लावला असता तरी पुरे होतं. वायर लावून ठेवली असती तर तेही नको. तीन तासांत हिरवा झाला म्हणजे भरलाच की. बारा तास दुकानदार सगळ्यांनाच सांगतात, पाळतं कोण?

मला वाटलं होतं, असं काही कळलं तर मी मांडवात जाऊन ह्या माणसाची सगळ्यांपुढं चामडी लोळवीन. आठ दिवस. आठ दिवस ती फळीकडे बघत होती. पण मी उठायच्या आत पोराचा आवाज ऐकून भावजी दारात आले. उभ्या उभ्या त्यांनी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. डोळ्यांना पाणी नाही, काही नाही. संपल्यावर मुकेशला विचारलं, "म्हशाला बारा पुरे झाले असते, तर त्या दिवशी दिसला असता ना हा?"

मुकेशनं माझ्याकडे बघितलं. खरं सांगितलं असतं तर त्या माणसाकडे काय उरलं असतं? आठ रात्रींचं जागरण फुकट, ती वही फुकट, फॅक्टरीतली सगळी वर्षं जी अक्कल शिकवून गेली तिनंच बायकोला रित्या डोळ्यांनी पाठवलं. हे घेऊन तो एकटा त्या खोलीत राहिला असता. मी खूप रागीट आहे, पण तेवढी नाही. मुकेश बोलायच्या आत मी म्हटलं, "हो. दिसला असता. मी बोलावलं म्हणून राहिला."

भावजींनी मान डोलावली. त्यांना तेच वाटत होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मग का बोलावलंस गो? तीन तास राहिले होते."

मुकेशनं लॅपटॉप मिटला.

त्याला दोन वर्षं होतील ह्या पौषात. भावजी माझ्याशी बोलत नाहीत. त्यांची भाकरी मीच करते, कुडापलीकडे ताट सरकवते, ते घेतात, रिकामं करून परत सरकवतात. सतीश येऊन गेला, सम्यकला घेऊन. त्याला भावजींनी सांगितलं, तुझ्या मावशीनं घाई केली. सतीशनं माझ्याकडे असं बघितलं की मी तिथून उठले. त्याला खरं सांगावं असं कितीदा मनात आलं, पण मग तो बापाकडे तसं बघेल. गावातही आता सगळ्यांना ठाऊक आहे, वंदनानं बोलावलं म्हणून गोजाबाई नातवाला न बघता गेली. कुणी विचारलं तर मी हो म्हणते.